पेन खुशाल फिरव, पण क्लास काढू नकोस!

बयो,

पेन फिरवण्याचा छंद कॅरम-क्रिकेटसारखा घरोघरी पोचावा का, असं तू विचारलंस. सोबत सगळा बेतही कळवलास. अभ्यासिकेतल्या चौघींनी मिळून क्लब काढायचा, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर स्पर्धा घ्यायची आणि पुढे शाळाशाळांत शिकवायला जायचं. आईला यातलं अवाक्षरही सांगितलेलं नाहीस, हे तू न लिहिताच मी ओळखलं. तर आधी उत्तर ऐक, कारणं मागून सांगते. हा छंद खूप जणांना लागावा, चारचौघांत न लाजता करावा, असं मला मनापासून वाटतं. पण त्याचे क्लास, लेव्हल, फी आणि सर्टिफिकेट सुरू झाले की त्यातला जीव गेलाच म्हणून समज. छंद पसरणं वेगळं आणि त्याचं दुकान मांडणं वेगळं. तुझ्या बेतात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे.

आई याला हाताचा चाळा म्हणते, ते मनाला लावून घेऊ नकोस. चाळा नकळत होतो, कसब लक्ष देऊन कमवावं लागतं. तुमचा पहिला थम्बअराउंडच घे. मधल्या बोटानं पेनाला हलका रेटा द्यायचा, तर्जनी वेळेवर बाजूला घ्यायची, की पेन अंगठ्याला एक फेरी मारून पुन्हा बोटांत येतो. सांगायला सोपं. करायला बसलं की पेन हातात कमी आणि पलंगाखाली जास्त! कारण सुरुवातीला जो तो जोर लावतो, आणि इथे जोराचं काम नाही. मग येतो फिंगरपास. त्यात पेन एका बोटावरून दुसऱ्यावर फिरत करंगळीपर्यंत जातो आणि मागच्या अंगानं परत येतो. चार्जमध्ये पेन दोन बोटांच्या फटीतच राहून गरगरतो. सॉनिकमध्ये तो बोटांच्या मागून एका फटीतून दुसऱ्या फटीत जातो. या चार मूळ हालचाली. पुढची सगळी करामत यांच्या जोडण्यांतून आणि उलटसुलट प्रकारांतून उभी राहते.

आणि हे लिहून ठेवायची रीतही ठरलेली आहे. अंगठा म्हणजे टी, तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. पेन २३ मध्ये आहे म्हटलं की तो मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या फटीत आहे, हे कुणालाही कळतं. सोलमधल्या एखाद्या मुलानं रचलेली जोडणी तू लातूरच्या खोलीत बसून आकड्यांवरून वाचू शकतेस, तुमच्यात एका शब्दाचं बोलणं न होता. ज्या गोष्टीची इतकी नीट नोंद ठेवता येते तिला नुसता चाळा कसं म्हणायचं? आईपुढे मात्र हा वाद घालू नकोस. तिला करून दाखव.

हा छंद रुजला कुणात, माहीत आहे? तुझ्यासारख्यांतच. जपानमध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा हुकली की पुढचं वर्षभर योबिको नावाच्या खासगी शिकवण्यांमध्ये बसून पुन्हा तयारी करतात. अशा मुलांना तिथे रोनिन म्हणतात. तुमच्या लातूरच्या भाषेत रिपीटर बॅच. तासन्‌तास पुस्तकासमोर बसलेल्या या पोरांच्या हातात पेन फिरायचा, म्हणून या प्रकाराचं एक जुनं नावच रोनिन-मावाशी असं आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हिदेआकी कोंदो या जपानी गृहस्थांनी त्याची माहिती इंटरनेटवर मांडली. पुढे कोरिया, तैवान, चीन, थायलंड, फ्रान्स असा तो पसरत गेला. २००७ मध्ये त्याची जागतिक स्पर्धा सुरू झाली. त्यात एकेकट्यांच्या लढती असतात, देशांच्या संघांचीही वेगळी स्पर्धा असते. मला आवडतं ते हे, की तिथे कुणी विमानानं जात नाही. आपल्याच खोलीत व्हिडिओ करायचा आणि पाठवायचा. परीक्षक तो बघून गुण देतात.

ज्या मुलांच्या दिवसाचा तास न्‌ तास मार्कांना बांधलेला होता, त्यांनी अशी एकच गोष्ट जवळ बाळगली जिला मार्क नव्हते. पेन तोच, खुर्चीही तीच, पण ती दोन मिनिटं कुणाच्या बापाची नव्हती. या छंदाचं मोल मला इथे दिसतं. तुझ्या क्लबमध्ये पहिली लेव्हल, दुसरी लेव्हल आणि शेवटी ग्रेड आली की तू त्या दोन मिनिटांवरही परीक्षा आणून बसवलीस!

आपल्याकडे हे किती पटकन होतं, तू बघतेसच. अबॅकस घे, वैदिक गणित घे, सुंदर हस्ताक्षर घे. मूल काही नवं शिकलं म्हटलं की शेजारची काकू दोनच प्रश्न विचारते. क्लास कुठे आहे? आणि याचे मार्क मिळतात का? बोर्डाच्या दहावीला खेळाचे, शास्त्रीय कलांचे आणि चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. सोय चांगलीच आहे. खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांच्या हातात त्यामुळे ब्रश आला. पण इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट फाईलला लागल्यावर ज्यांनी पुन्हा रंगपेटी उघडली नाही, अशा तुझ्याच वर्गातल्या मुली मोज बघू. मार्कांसाठी उचललेली गोष्ट मार्क मिळाले की खाली ठेवली जाते.

आता म्हणशील, ताई, मोठं व्हायचं तर संघटना लागते, नियम लागतात. लागतात ना. पण ती कुणी उभारली, यावर सगळं अवलंबून असतं. रुबिक क्यूबचंच बघ. हंगेरीच्या एर्नो रुबिक यांनी तो १९७४ मध्ये बनवला. १९८० मध्ये तो जगाच्या बाजारात आला आणि वेड लागावं तसा खपला. १९८२ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धा झाली. मिन थाय या मुलानं २२.९५ सेकंदांत क्यूब सोडवून ती जिंकली. आणि मग? लाट ओसरली. पुढची जागतिक स्पर्धा व्हायला थेट २००३ उजाडलं, तीही टोरांटोत. मधली एकवीस वर्षं क्यूब बहुतेक घरांत माळ्यावर पडून होता. तो परत आला तो जाहिरातींमुळे नाही. जगभरच्या वेड्या पोरांनी इंटरनेटवर एकमेकांना शोधलं, रीती वाटून घेतल्या, म्हणून आला. २००४ मध्ये त्यांनी वर्ल्ड क्यूब असोसिएशन काढली. आजही तिच्या स्पर्धा स्वयंसेवक चालवतात. बाजारानं आणलेली लाट दोन-तीन वर्षांत गेली, खेळणाऱ्यांनी स्वतः बांधलेलं अजून टिकून आहे.

याच्या उलट फिजेट स्पिनर आठव. २०१७ मध्ये सिग्नलपासून स्टेशनरीच्या दुकानापर्यंत जिकडेतिकडे तेच. परदेशांत कितीतरी शाळांनी त्यावर बंदी घातली. आणि वर्ष सरायच्या आत ते गेलेसुद्धा. का गेले, सांगू? त्यात शिकण्यासारखं फारसं नव्हतं. विकत घ्यायचं, बोटावर धरायचं, टिचकी मारायची, झालं. सगळी करामत त्याच्या बेअरिंगमध्ये. पेनाचं तसं नाही. पेन पाच-दहा रुपयांचा, करामत सगळी तुझ्या बोटांत. म्हणून पेनाची लाट आली नाही तरी चालेल, आणि आली तरी ती ओसरल्यावर काहीतरी मागे उरेल.

पाच-दहा रुपयांचा म्हटलं, त्यावरून आठवलं. तू परदेशातून पेन मागवायचं म्हणत होतीस. थांब जरा. नेहमीच्या बॉलपेनाची अडचण काय, तर तो आखूड असतो, हलका असतो आणि त्याचं वजन एका बाजूला झुकलेलं असतं. मुरलेली मुलं म्हणून पेन जोडून घेतात. साधारण २० सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना टोपणं आणि वजन टोकांकडे. दोरीवरून चालणाऱ्या मुलीच्या हातातली लांब आडवी काठी आठव. काठीची टोकं दूर असल्यामुळे ती झटकन कलत नाही आणि मुलीला सावरायला वेळ मिळतो. तुझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. टोकाकडे वजन असलेला पेन सावकाश आणि एकसारखा फिरतो, बोटाला पुढची जागा घ्यायला उसंत मिळते. हे सगळं जुन्या स्केचपेनांची टोपणं, संपलेल्या पेनांच्या नळ्या आणि थोडा चिकटपट्टीचा तुकडा यांत होतं. ज्या दिवशी तुमच्या क्लबात महागड्या पेनाशिवाय येऊ नये असं कुणाला वाटेल, त्या दिवशी घरची परिस्थिती बेताची असलेली मुलगी मागच्या बाकावर सरकेल. ती सरकू देऊ नकोस.

अजून एक सांभाळ. पेन फिरवल्यानं बुद्धी तल्लख होते, एकाग्रता वाढते, असलं काही फलकावर लिहू नकोस. लोकांना ओढायला ते सोपं पडतं, पण त्याला आधार हवा. २००४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. तीन चेंडू एकापाठोपाठ उडवून झेलायला तीन महिने शिकलेल्या लोकांच्या मेंदूत, हालचाल टिपणाऱ्या भागातला करडा भाग (ग्रे मॅटर) वाढलेला दिसला. त्यांनी सराव सोडल्यावर तो पुन्हा कमी झाला. अभ्यास छानच आहे, पण तो चेंडूंचा आहे, पेनांचा नाही. आणि त्यातही सोडलं की गेलं, हे आलंच. त्यामुळे आई-बाबांना सांगायचं तर खरं तेच सांग. यानं माझे मार्क वाढणार नाहीत, पण मला हे आवडतं आणि यानं कुणाचं काही बिघडत नाही. छंदाला एवढं कारण पुरतं गं. आपणच त्याला फायद्याची झूल चढवायला जातो आणि मग फायदा दिसला नाही की छंदच खोटा ठरतो.

आता जरा जवळ ये, मुलींमधलं बोलते. या छंदाचे व्हिडिओ तू पाहतेस ना? त्यांत काय दिसतं? एक टेबल आणि एक हात. चेहरा नाही, कपडे नाहीत, बहुतेकदा खरं नावसुद्धा नाही. तो हात मुलाचा की मुलीचा, गोरा की सावळा, कुठल्या गावचा, याची कुणी चौकशी करत नाही. पेन पडला की नाही, एवढंच बघतात. आपल्या वाट्याला अशा जागा फार कमी येतात. नाचायला उभी राहिलीस तर आधी तुला बघतील, मग नाच. बोलायला उभी राहिलीस तरी ओढणी बघतील. इथे तसं होत नाही. छंद मोठा करण्याच्या नादात हे हातचं घालवू नकोस. रील टाकायचं तर हाताचंच टाक. मागे वर्गाचा फळा, क्लासचं आयकार्ड, होस्टेलची खिडकी येऊ देऊ नकोस. चेहरा दाखव, मग बघ कसे लाइक येतात, असं सांगणारा भेटेलच. त्याला दाद देऊ नकोस. ज्यांना पेन बघायचाय ते पेन बघतील.

स्टेजचंही बोलूया. गणपतीच्या मांडवात संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, पाककला सगळं रंगतं, कारण ते लांबून दिसतं. तुमचा पेन वीतभर लांब आणि करंगळीपेक्षा बारीक. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजोबांना दिसणार काय? पोरगी हात हलवतेय, एवढंच. मग टाळ्या मिळाव्यात म्हणून कुणीतरी गाणं लावेल, कुणी रंगीत लाइटचे पेन आणेल, कुणी पेन उंच फेकायला सांगेल, आणि मूळ कला बाजूला पडेल. म्हणून स्टेज नको, टेबल घे. मांडवाच्या कडेला एक टेबल, चार खुर्च्या, दहा-बारा पेन. येईल त्याला बसवायचं आणि एक थम्बअराउंड शिकवायचा. ढोल-ताशा ऐकून दमलेली लहान मुलं येतील, त्यांच्या मागे त्यांच्या आया येतील. फारच हौस असेल तर टेबलावर वरून मोबाइल रोखा आणि त्याचं चित्र मंडळाच्या पडद्यावर दाखवा. हात दिसेल, चेहरा नाही. नंबर काढू नका, बक्षीस ठेवू नका. ज्याला जमलं त्यानं शेजारच्याला शिकवायचं, एवढीच अट ठेवा. छंद खरा पसरतो तो असा. भोवरा, गोट्या, बिट्ट्या शिकवायला आपल्याकडे कुणी क्लास काढला होता? मोठ्या पोरांनी लहान पोरांना शिकवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललं.

चारचौघांत करायचा छंद म्हणजे चारचौघांचं भानही आलं. अभ्यासिकेत पेन फिरवू नकोस. तुझा पडला की खट्ट आवाज होतो आणि आठ माना वर होतात. त्यांनीही महिन्याची फी भरली आहे. सराव होस्टेलवर, पलंगावर बसून, खाली चादरीची घडी टाकून कर. पेन पडला तरी आवाज होणार नाही आणि सारखं वाकावंही लागणार नाही. शाईचा पेन चुकूनही घेऊ नकोस, भिंतीचे पैसे होस्टेलचा मालक तुझ्याकडून घेईल. सर शिकवत असताना हात खाली ठेव. त्यांना ते दुर्लक्षच वाटणार, आणि त्यांची चूक नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर थांब. याच हातानं तुला परीक्षा द्यायची आहे. आणि ऐक, नीटच्या परीक्षेला पेनसुद्धा केंद्रावरच देतात. तुझा लांबलचक लाडका पेन तिथे येणार नाही. त्याच्याशिवाय हात अस्वस्थ होत असेल तर ते आत्ताच ओळखून ठेव, सराव पेपर साध्या पेनानंच सोडव.

आणि हो, क्लबचं काम यंदा तू अंगावर घेऊ नकोस. मांडवातल्या टेबलाची एक संध्याकाळ ठीक आहे. बाकी नावनोंदणी, पत्रकं, शाळांच्या परवानग्या हे मे महिन्यातल्या परीक्षेनंतर. पेन फिरवायला दोन मिनिटं पुरतात, क्लब चालवायला अख्खा दिवस जातो. छंदाच्या नावाखाली तू अभ्यासातून पळ काढतेयस, असं आईला वाटलं तर पेन नुसता बदनाम होईल. आणि कधी खरंच पळावंसं वाटलं, तर ते पेनामागे लपवू नकोस. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

शाळांमध्ये जायचं तुझं स्वप्न मात्र मी मोडत नाही. जा, जरूर जा, पण शिकवणीच्या तासाला नको, मधल्या सुट्टीत जा. मुलं एरवीही बाकावर पेनांच्या मारामाऱ्या खेळतातच. दोन पेन समोरासमोर ठेवायचे, टिचकीनं दुसऱ्याचा खाली पाडायचा. त्यांच्या हातात पेन आहे, खेळायची हौस आहे. तू फक्त एक हालचाल दाखवून ये. शाळेला पैसे मागू नकोस, मुलांकडून तर अजिबात नकोस. मुख्याध्यापिका विचारतील, यातून मुलांना मिळणार काय? सांग, मधल्या सुट्टीत मोबाइलशिवाय दहा मिनिटं मजेत जातील.

तर माझा निकाल असा. पेन फिरवणं लोकांत यावं, अगदी खुलेपणानं यावं. बसस्टँडवर, मांडवात, होस्टेलच्या जिन्यात, आजोबांच्या आरामखुर्चीत यावं. पण कुणाच्या वेळापत्रकात, फीच्या पावतीत आणि गुणपत्रिकेत येऊ नये. तुमच्या क्लबला नाव हवं ते द्या, फक्त फीचा रकाना ठेवू नका. आणि आज रात्री आईला फोन कर, सगळं सांग, लपवण्यासारखं यात काही नाही. रविवारी घरी गेलीस की तिच्या हातात एक पेन दे आणि पहिला थम्बअराउंड तिलाच शिकव.

तुझी ताई